हिरव्या खोलीतली अकरा मिनिटं

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी लाल स्वेटर घातला होता, आणि त्यामुळे एकशेवीस कोंबड्या एका कोपऱ्यात जाऊन एकमेकींच्या डोक्यावर चढल्या.

चूक सर्वस्वी माझी होती. संशोधन केंद्राच्या एका टोकाला शेवाळाचे हौद होते, ते माझ्या ताब्यात. दुसऱ्या टोकाला कोंबड्यांची शेड, ती डॉक्टरांच्या. मधे पाऊण किलोमीटरचा रस्ता, आणि दोन वर्षांत तो ओलांडायची वेळ दोघांवरही आली नव्हती. त्या सकाळी वाळलेल्या शेवाळाची पहिली गोणी न्यायला गाडी आली नाही, म्हणून मी ती सायकलच्या मागे बांधली, शेडपर्यंत ढकलत नेली आणि दार उघडलं. पुढचं सगळं मला उडत्या पिसांच्या आडून दिसलं.

"बाई, हलू नका," कुणीतरी अगदी हळू म्हणालं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण त्या आवाजात घाई नव्हती, राग नव्हता. मी हलले नाही. त्यांनी अंगातला खाकी डगला काढला, मागून माझ्या खांद्यांवर टाकला आणि बटणं लावा अशी खूण केली. मी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. लाल रंग झाकला गेला, आणि एकेक कोंबडी दुसरीच्या डोक्यावरून उतरून, जसं काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, भुसा उकरायला लागली. डगल्याला चुन्याचा, भुशाचा आणि कोंबड्यांचा वास होता. त्या वासाबद्दल माझं आज जे मत आहे, ते त्या दिवशी नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. या कोंबड्यांनी पिल्लं असल्यापासून फक्त खाकी रंगाची माणसं पाहिली आहेत. त्यांचा विश्वास माणसावर नाही, डगल्यावर आहे. दुसरा रंग दिसला की घाबरतात, घाबरल्या की अंडी घटतात. मग त्यांनी एक वही काढली आणि मला सही करायला लावली. वहीत लिहिलं होतं : अंडी घटल्यास कारण – लाल स्वेटर.

ते जनावरांचे डॉक्टर होते. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. मला शेडमधली माणसं हिरव्या बाई म्हणायची, कारण शेवाळ गाळून गाळून माझे तळहात कायम हिरवे असत आणि ते कुठल्याही साबणाला दाद देत नसत.

दुसऱ्या दिवशी शेडमधल्या मावशी हौदावर आल्या. मावशी अंडी गोळा करायच्या आणि त्यासोबत बाकी बरंच काही गोळा करायच्या. त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एकच शब्द होता – 'नऊ.'

मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, 'नऊ अंड्यांबद्दल दिलगीर आहे. स्वेटर कायमचा माळ्यावर टाकते.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'टाकू नका. फक्त इकडे नको.'

मावशींना वाचता येत नव्हतं. पण चिठ्ठी हातात ठेवताना त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेला अक्षरांची गरज नव्हती.

*

आता हे सगळं चाललं होतं कशासाठी, ते सांगायला हवं. कोंबडीला अंडं द्यायचं तर प्रथिनं लागतात. ती तिला सोयापेंडेतून नाहीतर मासळीच्या भुकटीतून द्यायची रीत आहे. सोयाला जमीन लागते, मासळीला समुद्र लागतो, आणि दोन्ही काही वाढत नाहीत. शेवाळाला मात्र एक हौद, ऊन आणि पाणी ढवळणारं एक चाक पुरतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढा एकेक जीव, पण वाळवला तर निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं. तेव्हा पेंडेचा काही भाग काढून तिथे शेवाळ घातलं, तर कोंबडी पूर्वीइतकीच अंडी देईल का, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यासाठी माझी दोन वर्षं गेली होती.

बाबांना हे पटत नसे. ते म्हणायचे, आम्ही जन्मभर न्हाणीघरातलं शेवाळ खरवडून काढत आलो, आणि तुला ते वाढवायचा पगार मिळतो. दादानं दुसऱ्या शहरात एका औषध कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे मला दिवसभर गोळ्या मोजायच्या होत्या. प्रयोग फसला तर हौद बुजवणार, हे मोठ्या मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मॅडम आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्या वाईट बातमी हवामानासारखी सांगायच्या. हौद बुजले की मी गोळ्या मोजायला जाणार, हे घरात ठरलंच होतं. वहिनीनं माझ्यासाठी कपाटाचा एक कप्पाही रिकामा केला होता.

शेडमधे दोन खोल्या होत्या, अगदी एकसारख्या. हिरवी धूळ उडून दुसऱ्या खाद्यात जाऊ नये म्हणून शेवाळ खाणाऱ्या एकशेवीस कोंबड्या एका खोलीत आणि नेहमीचं खाणाऱ्या एकशेवीस दुसरीत. बारा आठवडे, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. एक हिरवी खोली, एक साधी खोली.

पहिले दोन दिवस हिरव्या खोलीनं खाद्याला तोंड लावलं नाही. कोंबड्या एका डोळ्यानं पाहायच्या, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं खात्री करून घ्यायच्या, आणि निघून जायच्या. (तेच शेवाळ आता लोक सकाळी अनशापोटी कोमट पाण्याबरोबर गिळतात आणि इतरांनाही सांगतात. कोंबड्यांमधे ही खोड नाही.) मी खाकी डगला घालून दाराशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं चोच मारली. तिचं बघून दुसरीनं. मग खोलीभर टकटक सुरू झाली... कौलांवर पाऊस पडावा तशी. मी डॉक्टरांकडे पाहिलं, तर ते कोंबड्यांकडे पाहतच नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही श्वास घेतलात. तीन दिवसांत पहिल्यांदा."

*

गुरुवारी अंडी फोडायचा दिवस असे. उत्तरेच्या खिडकीशी काचेचं टेबल होतं. त्यावर दोन्ही खोल्यांतली बारा-बारा अंडी फोडायची आणि बलकाचा रंग पाहायचा. त्यासाठी एक पंखा मिळतो, पंधरा पट्ट्यांचा. एक नंबर फिकट पिवळा, पंधरा नंबर गडद नारिंगी. साध्या खोलीचे बलक सातच्या आसपास असत. हिरव्या खोलीचे बाराला जाऊन भिडले. हिरवं खाऊन नारिंगी होणं ही शेवाळाची खुबी आहे, पण पहिल्यांदा पाहताना ती जादूच वाटते. काचेवर ओळीनं बारा छोटे सूर्य मांडल्यासारखे दिसत होते.

मी वाकून बघत होते. मान वर केली तर डॉक्टरांनी तो पंखा माझ्या गालाजवळ धरला होता आणि ते अतिशय गंभीर चेहऱ्यानं पट्ट्या उलटत होते.

"तो माणसांना लावायचा नसतो," मी म्हणाले.

"नोंद करत नाहीये."

"मग काय करताय?"

"साडेदहा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आता... साडेबारा."

मी काचेवरचं एक अंडं पुसून टाकलं. ते मोजायचं राहिलं होतं. वहीत त्या गुरुवारी हिरव्या खोलीची अकराच अंडी आहेत. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं, 'सांडलं.' इतका खोटेपणा त्यांच्या हातून एरवी कधी झाला नसेल.

ते फार बोलणारे नव्हते. निदान माझ्याशी तरी नव्हते. गुरुवारी अर्धा तास, एरवी मावशींच्या हाती चिठ्ठ्या. 'आज खाद्य पूर्ण संपलं.' 'चौदा नंबरची कोंबडी लंगडते, शेवाळाशी संबंध नाही, घाबरू नका.' मी त्या चिठ्ठ्या हौदाच्या खोलीत दिव्याखाली पसरून तीनतीनदा वाचायची. लंगड्या कोंबडीबद्दलची चिठ्ठी इतक्या वेळा कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

मावशी मात्र एकदा म्हणाल्या होत्या, डॉक्टर कोंबड्यांशी भारी बोलतात हो, बादली पालथी घालून बसतात आणि बोलतात. मी हसले. जनावरांचे डॉक्टर जनावरांशी बोलणारच, असं मला वाटलं. कुठल्या खोलीत बसतात, हे विचारायला हवं होतं. मला ते सुचलं नाही. मी शास्त्रज्ञ होते, पण एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत नव्हते.

*

बारा आठवडे झाले. साध्या खोलीत शंभर कोंबड्यांमागे रोज शहाऐंशी अंडी, हिरव्या खोलीत नव्वद.

कमी पडली नाहीत एवढंच पुरे झालं असतं. ही तर जास्त होती. मॅडमनी आकडे दोनदा तपासले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्याकडे आनंद दाखवायची तीच पद्धत होती. बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं की, मुलगी शेवाळातली तज्ज्ञ आहे. दादाला कळवलं. वहिनीनं कपाटाचा कप्पा परत भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर हौदावर आले. पाऊण किलोमीटर चालत, प्रथमच. मी गाळणीचं कापड पिळत होते. ते हौदाच्या कठड्याशी उभे राहिले आणि ढवळणाऱ्या चाकाकडे बघू लागले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझा अंदाज बरोबर होता, फक्त विषय चुकला.

"माझ्याकडून चूक झाली आहे," ते म्हणाले. "प्रयोगात."

मग त्यांनी ते सांगितलं. शेवाळ सोडलं तर दोन्ही खोल्यांत तेच खाद्य, तेच पाणी, तेवढाच उजेड द्यायचा होता. तो त्यांनी दिला. पण साध्या खोलीत ते खाद्य घालून बाहेर पडायचे, आणि हिरव्या खोलीत... बसायचे. बादली पालथी घालून. माणसाची सवय झालेली, शांत झालेली कोंबडी जास्त अंडी देते, हे त्यांना शिकवलेलं होतं, परीक्षेत आलेलं होतं, आणि तरीही चौऱ्याऐंशी दिवस त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती जास्तीची चार अंडी शेवाळाची की त्यांची, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. कदाचित शेवाळामुळे अंडी घटलीही असतील आणि त्यांच्या बसण्यानं ती घट झाकली असेल.

"किती वेळ बसायचात?"

"सरासरी अकरा मिनिटं."

"सरासरी काढलीत?"

"आत जायची-यायची वेळ वहीत असते," ते म्हणाले. "काल आकडे लिहिताना बेरीज केली. तेव्हा कळलं."

"हिरव्याच खोलीत का?"

चाक फिरत होतं. पाणी संथपणे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चाललं होतं. ते माझ्या हातांकडे बघत होते. हिरव्या, ओल्या, पिळलेलं कापड तसंच धरलेल्या.

"तिथे... तुमचा वास यायचा," ते म्हणाले. "म्हणजे शेवाळाचा. तुमच्याशी जे बोलता यायचं नाही ते तिथे बोललं जायचं. कोंबड्या मधे बोलत नाहीत."

अशा वेळी बायकांचं काळीज विरघळतं असं ऐकलं होतं. माझंही विरघळलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं, आणि त्यानं माझाच प्रयोग मातीत गेला होता. मी कापड हौदात फेकलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. गोळ्या मोजायला मी जाणार आहे, तुम्ही नाही, हे बोलले ते आठवतं.

त्यांनी खिशातून दोन पानी टिपण काढलं. "उद्या मॅडमना द्यायचंय. तुम्ही आधी वाचावं असं वाटलं. नंतर तुमची इच्छा..."

"म्हणजे फाडून टाकलं तर चालेल?"

"नाही," ते म्हणाले. "दुसरी प्रत आहे."

*

टिपण मी घरी नेलं. बाबा जेवताना शेजाऱ्यांना काय काय सांगितलं ते सांगत होते. मी पोळीच्या घासाबरोबर सगळं गिळत होते. ते दोन पानी लिखाण मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यात एकही हळवा शब्द नव्हता. 'हिरव्या गटास मानवी सहवास अधिक मिळाला. कारण : वैयक्तिक. जबाबदारी : माझी.' खाली सही, तारीख.

ते गप्प बसू शकले असते, हे मला पहाटे कधीतरी उमगलं. कुणालाही कळलं नसतं. मी इथेच राहिले असते, रोज त्यांना दिसले असते. हवं ते सगळं त्यांना मिळत होतं, आणि ते सगळं घालवायला हा माणूस पाऊण किलोमीटर चालत आला होता.

सकाळी ते टिपण मीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली.

"कोंबड्यांना काय सांगत होते, ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुला माहीत आहे?"

"अंदाज आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या अविवाहित होत्या आणि सदतीस वर्षं कोंबड्यांत काढली होती. "कठीण आहे," एवढंच म्हणाल्या, ते कशाबद्दल ते मला अजून समजलेलं नाही. मग निर्णय सांगितला, हवामानासारखाच. अहवाल पाठवायला चार महिने आहेत. प्रयोग पुन्हा करायचा. खोल्यांची अदलाबदल. दोन्हीकडे नेमका तेवढाच वेळ, आणि डॉक्टरांनी शेडमधे तोंडातून अक्षर काढायचं नाही. अंडी घटली तर हौद बंद. तिसरी संधी नाही.

माझी अट मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितली. निकाल लागेपर्यंत माझ्याशीही बोलायचं नाही. चिठ्ठीसुद्धा नको. ते काही म्हणणार होते, पण अट लगेच लागू झाली असल्यानं त्यांनी नुसती मान हलवली.

*

तसले बारा आठवडे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. मावशी रोज यायच्या, हात रिकामे. डॉक्टर कसे आहेत असं मी विचारत नसे आणि त्या सांगितल्याशिवाय राहत नसत. मुके झालेत म्हणाल्या. कोंबड्यांनाही चुकल्यासारखं होतंय म्हणाल्या. अगं, एवढी शिक्षा गुन्हेगारालासुद्धा देत नाहीत, असंही एकदा म्हणाल्या. मग माझं तोंड बघून विषय बदलला.

आठव्या आठवड्यात पाऊस आला. पाऊस दुसऱ्यांसाठी काय असतो ते मला ठाऊक आहे, पण शेवाळवाल्यांना तो शत्रू. हौदात पाणी शिरलं की शेवाळ पातळ होतं, मरतं. ते मेलं तर उरलेल्या चार आठवड्यांचं खाद्य कुठून आणायचं? मी एकटीच ताडपत्री ओढत होते. वारा ती पुन्हा पुन्हा हातातून हिसकावत होता. डोळ्यांत पाणी, ते कुठलं ते विचारू नये. तेवढ्यात ताडपत्रीचं दुसरं टोक जड झालं.

पलीकडे डॉक्टर होते. खाकी डगला भिजून काळा पडला होता, छाती वरखाली होत होती. पाऊण किलोमीटर ते धावत आले असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

आम्ही चारही हौद झाकले. ते दोर धरायचे, मी गाठ मारायची. तिसऱ्या हौदाशी माझी गाठ सुटली. त्यांनी माझा हात बाजूला केला, गाठ कशी मारायची ते दाखवलं, मग सोडली आणि दोर पुन्हा माझ्या हातात दिला. त्यांची बोटं गार होती. पाऊस एवढा वाजत होता की ते बोलले असते तरी मला ऐकू आलं नसतं. पण ते बोलले नाहीत. जाताना एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा शेडकडे धावत गेले, कारण अंड्यांची नोंद करायची वेळ झाली होती. माझा राग त्या दिवशी संपला. मी त्यांना तसं सांगितलं नाही, कारण अट माझीच होती आणि मी जात्याच हट्टी आहे.

निकालाच्या दिवशी मॅडमनी दोघांनाही बोलावलं. आम्ही टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिलो. साधी खोली सत्त्याऐंशी, हिरवी खोली सत्त्याऐंशी. 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही,' असं मॅडमनी मोठ्यानं वाचलं. कागद बाजूला ठेवला, चष्माही काढून ठेवला. हौद राहणार होते. जास्तीचं एकही अंडं नव्हतं, पण होती ती सगळी माझ्या शेवाळाची होती. मी कागद ओढून घेतला आणि आकडे स्वतः पुन्हा वाचले.

मान वर केली तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. अटीत निकालानंतरचं काही नव्हतं, आणि हा माणूस लिहून दिल्याशिवाय काही गृहीत धरणारा नव्हता.

मी शेडवर गेले. ते बाहेरच्या पायरीवर बसून बूट धूत होते. मी दुसऱ्या पायरीवर बसले. आत कोंबड्यांचा दुपारचा मंद गलका चालला होता.

"आता बोला," मी म्हणाले.

त्यांनी बूट खाली ठेवला. चौऱ्याऐंशी दिवसांची सवय मोडणं सोपं नव्हतं. "कुठून..." एवढंच कसंबसं आलं.

"कोंबड्यांना जे सांगत होतात ते. पहिल्या दिवसापासून. क्रमानं."

ते विचार करायला लागले. आठवत होते, खरोखर क्रमानं.

"पहिल्या दिवशी," ते म्हणाले, "बाई हट्टी दिसतात असं सांगितलं. पण खाद्य चांगलं आहे, खाऊन बघा, असं म्हणालो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी खाद्याचा विषय निघाला नाही."